नावाची चोरी

मद्याला मी जन्मात शिवलो नाही, असे म्हणण्याची सोय गेल्या दिवाळीपासून मला उरलेली नाही. चार घोट घेतले आहेत, बायकोच्या समक्ष घेतले आहेत, आणि त्याचा मला पश्चात्ताप होत नाही. हे आधीच सांगून मोकळा होतो. मी एक मॅट्रिक झालेला शाळामास्तर. दिवाळी अंकात माझ्या नावावर एखादी कथा किंवा कादंबरीचे प्रकरण यायचे, तिथे यंदा फ्रान्समधल्या एका पांढऱ्या वाइनवर लेख पाहून पुष्कळ घरांत चकलीचा घास हातातच राहील. राहू द्या. हा लेख दारूची भलामण करण्यासाठी लिहिलेला नाही. ज्यांना ती वर्ज्य आहे त्यांनी ती खुशाल वर्ज्य ठेवावी. मला बोलावयाचे आहे ते एका चोरीबद्दल. ती चोरी दूरदेशीच्या एका गावात झाली, आणि तिचा माग काढीत गेलो तेव्हा पावलांचे ठसे थेट माझ्या आजोळच्या अंगणापर्यंत आलेले दिसले.

माझा एक जुना विद्यार्थी पंधरा वर्षे कॅलिफोर्नियात असतो. गेल्या दिवाळीला तो नाशिकला आईवडिलांकडे आला होता आणि त्याने आम्हा दोघांना फराळाला बोलावले. गप्पांच्या ओघात मी माझे नेहमीचे रडगाणे काढले. उन्हाळ्यात 'देवगड हापूस' म्हणून घेतलेल्या पेटीत देवगडचा एकही आंबा निघाला नव्हता. चिरंजीव हसले.

"सर, तुम्ही अजून नावालाच धरून बसलात! आमच्याकडे दुकानात पाच लिटरच्या खोक्यात शाब्ली मिळते. खोक्याला तोटी असते, ती फिरवली की ग्लासात पडते. शाब्ली म्हणजे काय, तर पांढरी वाइन. ते कुठल्या गावाचे नाव आहे हे कुणाला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही म्हणून कुणाचे काही बिघडतही नाही. जिभेला आवडले की झाले!"

मी भूगोल शिकवतो. एखाद्या गावाचे नाव गाव सोडून निघून गेले आणि कुणाचे काही बिघडले नाही, हे ऐकून गप्प बसणारा मास्तर भूगोलाचा नव्हे. मी वाद घालू लागलो. तेव्हा त्याने आतून एक बाटली आणली. ती खऱ्या शाब्लीची होती. "आधी चाखा, मग भांडा," म्हणाला. त्याच्या वडिलांनी मान डोलावली, आमच्या सौभाग्यवतींनी भुवया उंचावल्या, आणि मी पेला तोंडाला लावला.

गोडवा मुळीच नव्हता. रंग फिकट पिवळा, त्यात हिरवट छटा. पहिल्या घोटालाच लिंबाची, कच्च्या हिरव्या सफरचंदाची अशी आंबटसर धार जिभेवरून सरसरत गेली आणि तोंड लख्ख धुतल्यासारखे झाले. मागे काहीतरी कोरडे, दगडी असे रेंगाळत राहिले. ते काय, हे मला सांगता येईना. हिने पेला नाकाशी नेला, नुसता वास घेतला आणि म्हणाली, "अहो, ही तर पाटीवरची पेन्सिल!"

वाचकहो, लहानपणी ज्याने पाटीवरची पेन्सिल चोरून चाटली नाही असा मराठी माणूस माझ्या पिढीत विरळा. हिच्या त्या एका वाक्याने माझे वर्ष खाल्ले. वर्षभर त्या गावाबद्दल मिळेल ते वाचीत गेलो, आणि वाचता वाचता माझा राग वाढत गेला.

पॅरिसच्या आग्नेयेला सुमारे १८० किलोमीटरवर, बर्गंडी प्रांताच्या अगदी उत्तर टोकाला, योन जिल्ह्यात शाब्ली हे गाव आहे. वस्ती अडीच हजारांच्या आत. मधून सरँ नावाची नदी वाहते. त्या शब्दाचा फ्रेंचमधला अर्थ शांत, निरभ्र असा होतो. नदीच्या दोन्ही तीरांवर उतरत्या टेकड्या आहेत आणि त्या टेकड्यांवर शार्दोने नावाच्या एकाच जातीच्या पांढऱ्या द्राक्षाचे वेल आहेत. शाब्ली म्हणून जी वाइन विकावयाची ती याच द्राक्षाची असली पाहिजे, असा तिथला कायदा आहे.

त्या टेकड्यांची माती मोठी नवलाची. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ, उबदार समुद्र होता. त्या समुद्राच्या तळाशी गाळ साचला आणि गाळात कोट्यवधी चिमुकले कालव गाडले गेले. आज शाब्लीच्या मळ्यातला दगड हातात घेतला तर त्यात स्वल्पविरामाच्या आकाराचे शिंपले दिसतात. शास्त्रज्ञांनी त्या प्राण्याचे नावच 'एक्सोजायरा व्हर्ग्युला' असे ठेवले. त्यातला उत्तरार्ध स्वल्पविरामाची आठवण करून देणारा आहे. चुनखडी आणि चिकणमाती यांच्या या थरांना 'किमरिजियन' म्हणतात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील किमरिज या गावावरून ते नाव पडले, कारण तोच थर खाडीखालून जाऊन तिकडे वर येतो.

इथे कुणी मला पकडील. "मास्तर, मग ही चोरी नव्हे काय? फ्रान्सच्या मातीला इंग्लंडच्या गावाचे नाव!" नव्हे. किमरिजचे नाव घेऊन कुणी माती विकत नाही. शास्त्राने नाव घेतले ते ऋण मान्य करण्यासाठी. व्यापाऱ्याने घेतले ते ऋण बुडवण्यासाठी. एकच शब्द, पण हेतू निराळा.

दगड द्राक्षात उतरतो आणि द्राक्षातून पेल्यात येतो, असे कुणी कविमनाचा मनुष्य सांगू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नका. वेलीची मुळे शिंपले शोषून घेत नाहीत. ती दगडी चव नेमकी कशाने येते यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. पण माती काहीच करीत नाही असेही नाही. ती माती पावसाचे जास्तीचे पाणी वाहून जाऊ देते आणि लागेल तेवढी ओल पोटात धरून ठेवते. उतार सूर्याकडे तोंड करून असतो. गाव ४८ अंश उत्तर अक्षांशाच्या जवळ. तेथवर द्राक्ष पिकते हेच नशीब. ऊन कोवळे, रात्री गार. अशा थंडीत द्राक्ष सावकाश पिकते, साखर बेताने धरते आणि अंगातले आम्ल टिकवून ठेवते. तेच शार्दोने उष्ण प्रदेशात लावा. फळ भरभर पिकेल, आम्ल उतरेल, वाइन जाड आणि मऊ होईल. शिवाय शाब्लीची पुष्कळशी वाइन पोलादी टाक्यांत तयार होते. नव्या ओक लाकडाच्या पिंपात ठेवलेल्या वाइनला जो व्हॅनिलासारखा, टोस्टसारखा वास लागतो, तो तिला लागत नाही. म्हणून ती उघडी, कोरडी, तरतरीत राहते. ही चव जिभेवरची जादू नव्हे. अक्षांश, उतार, माती, हवा आणि माणसांची सवय या पाचांनी मिळून केलेले ते काम आहे. यातले एकही खोक्यात भरून दुसरीकडे नेता येत नाही. नेता येते ते फक्त नाव.

आणि नावासाठी त्या गावाने काय मोजले तेही पाहा. इसवी सन ८६७ मध्ये राजा चार्ल्स द बाल्ड याने तूर येथील सेंट मार्टिनच्या भिक्षूंना, उत्तरेच्या चाच्यांपासून आसरा म्हणून, शाब्लीचा मठ दिला. पुढे १११४ मध्ये जवळच पोंतिन्यी येथे सिस्टर्शियन पंथाचा मठ स्थापन झाला. या भिक्षूंनी शाब्लीत मळे धरले, कुठल्या उतारावर काय पिकते याची पारख केली. त्यांचे जुने तळघर 'पेती पोंतिन्यी' या नावाने गावात अजून उभे आहे. योन नदीतून पिंपे पॅरिसला जात. एकोणिसाव्या शतकात योन जिल्ह्यात सुमारे ४०,००० हेक्टर द्राक्षमळे होते.

मग संकटे आली, आणि ती ओळीने आली. पॅरिस आणि दक्षिणेकडचे भूमध्य समुद्राचे किनारे रेल्वेने जोडले गेले, तसा दक्षिणेचा स्वस्त माल राजधानीत ओतू लागला. मग वेलीवर बुरशीचा रोग पडला. मग १८८० च्या दशकाच्या अखेरीस फायलोक्सेरा नावाची मुळे खाणारी कीड आली. ती कीड अमेरिकेतून आली होती. उपायही अमेरिकेतूनच आला: अमेरिकन वेलीच्या मुळांवर फ्रेंच वेलीचे कलम. आपल्या कोकणातल्या बागायतदाराला कलम म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. हा हिशेब ध्यानात ठेवा, पुढे तो कामी येईल. त्यानंतर दोन महायुद्धे आली, माणसे गेली, टेकड्या ओस पडल्या. आणि वसंतातले हिमतुषार तर पाचवीलाच पुजलेले. एप्रिल-मे मध्ये कोवळे कोंब फुटतात, एका रात्री पारा शून्याखाली जातो आणि सकाळी मळा काळा पडलेला असतो. १९४५ मध्ये हिमाने जवळजवळ सारे पीक नेले. १९५० च्या दशकात शाब्लीचे मळे सुमारे ५०० हेक्टरांवर आले होते.

ते गाव असे मरणपंथाला लागले होते, आणि नेमक्या त्याच दशकांत समुद्रापलीकडे कॅलिफोर्नियात शाब्लीचा महापूर आला होता! गॅलनच्या बरण्यांत शाब्ली, खोक्यांत शाब्ली. तिच्यात शार्दोने असलेच पाहिजे असा नियम नव्हता, आणि बहुधा नसेच. जे पांढरे द्राक्ष स्वस्त मिळेल ते घालावे. त्यात थॉम्पसन सीडलेसही असे. होय, तेच बिनबियांचे, जे आपण नाशिक-सांगलीचे म्हणून परडीतून घरी आणतो आणि पोरे मूठमूठ खातात. ते खावयाला उत्तम, बेदाण्याला उत्तम. पण त्याच्या रसाला शाब्ली म्हणावयाचे म्हणजे बोराच्या लोणच्याला आमरस म्हणण्यापैकी आहे. १९६० च्या दशकात तर तिथल्या एका कंपनीने 'गुलाबी शाब्ली' बाजारात आणली. ज्या गावाच्या नावाने पांढऱ्याखेरीज दुसरी वाइन विकताच येत नाही, त्या गावाची गुलाबी वाइन! निर्लज्जपणाला रंग नसतो असे आपण समजतो. असतो, तो गुलाबी असतो.

कीड तुमची, तिने आमचे वेल खाल्ले. मुळे तुमची, ती आम्ही पदरात घेतली, उपकार मानले. एक नाव तेवढे आमचे राहिले होते, तेही तुम्ही नेलेत! शाब्लीच्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने असे म्हटले असते तर त्याला काय उत्तर होते? अमेरिकन सरकारजवळ उत्तर होते. शाब्ली, बर्गंडी, शॅम्पेन ही नावे 'अर्धवट सामान्यनामे' झाली आहेत, असे त्यांच्या नियमांत लिहिले होते. व्याकरण मीही शिकवतो. विशेषनामाचे सामान्यनाम होते ते लोकांच्या प्रेमाने. एखाद्या उदार माणसाला आपण कर्ण म्हणतो, त्यात कर्णाचे काही जात नाही. पण 'अर्धवट सामान्यनाम' ही विभक्ती फक्त चोरबाजारात चालते.

प्रतिपक्षाचे म्हणणे मी टाळणार नाही. तो म्हणतो, गरिबाला स्वस्त वाइन मिळाली तर वाईट काय? काहीच वाईट नाही. खोक्यावर 'पांढरी वाइन' लिहा आणि स्वस्तात विका. आपला माल आपल्या नावावर खपत नाही म्हणून दुसऱ्याच्या नावाची गरज लागते. ती गरज हाच गुन्ह्याचा कबुलीजबाब आहे.

तो म्हणतो, द्राक्ष एकच असेल तर नाव एक का नको? द्राक्षाचे नाव घ्या की! शार्दोने कुणीही कुठेही लावावे आणि बाटलीवर शार्दोने असे ठणकावून लिहावे. वाणाचे नाव सर्वांचे असते, शिवाराचे नाव शिवाराचे. मुलाचे नाव श्रीकृष्ण ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. पण 'मी वसुदेवाचा पोर' म्हणून तो मथुरेत वाटणी मागू लागला तर लोक जोडे हाणतील.

आणि स्वतःच्या नावाने काय होते हे खुद्द कॅलिफोर्नियानेच दाखवले. १९७६ च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी डोळ्यांआड ठेवलेल्या बाटल्या चाखल्या. पांढऱ्या वाइनमध्ये बर्गंडीच्या नामांकित बाटल्यांना मागे टाकून पहिली आली ती कॅलिफोर्नियातल्या शातो माँतेलेनाची १९७३ ची शार्दोने. तिच्या लेबलावर शाब्ली लिहिलेले नव्हते. तिथे तिच्या आपल्या खोऱ्यांची नावे होती. उसन्या नावाखाली गॅलनांनी विकून जी इज्जत मिळाली नाही, ती आपल्या नावाच्या एका बाटलीने मिळवून दिली. चोरी ज्याची होते त्याचे नुकसान होतेच, पण जो चोरतो त्याच्या मातीलाही ती कायमची मुकी करते. मला या साऱ्या प्रकरणातले हे सर्वांत मोठे पाप वाटते.

आता प्रतिपक्षाचा शेवटचा बाण, आणि तो वर्मी लागणारा आहे. "फ्रेंच लोक काय धुतल्या तांदळाचे होते?" नव्हते. आसपासच्या कुठल्याही पांढऱ्या वाइनला शाब्ली म्हणून खपवणारे व्यापारी फ्रान्समध्येच होते. म्हणून तर १९०५ मध्ये भेसळीविरुद्ध कायदा झाला, १९१९ मध्ये मूळस्थानाच्या नावांचा कायदा झाला, १९३५ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले आणि १९३८ मध्ये शाब्लीच्या नावाला हद्द पडली. पेती शाब्ली, शाब्ली, प्रमिए क्रू आणि ग्राँ क्रू अशा चार पायऱ्या आज आहेत. सर्वांत वरच्या पायरीवर एकाच टेकडीच्या सात तुकड्यांची नावे आहेत. त्यांतल्या एकाचे नाव चक्क 'बेडूक' आहे, आणि तेही कुणी बदलून 'राजहंस' केलेले नाही!

हद्द पडली म्हणून भांडण मिटले असेही नाही. १९७० च्या दशकात हद्द वाढवावी की नाही यावरून गावात दोन तट पडले. विल्यम फेव्र यांचा पक्ष म्हणे, किमरिजियन माती असेल तिथेच शाब्ली. जाँ द्युरूप यांचा पक्ष म्हणे, उतार, दिशा आणि हवा तीच असताना मातीच्या एका थराचा एवढा हट्ट कशाला? दुसऱ्या पक्षाची सरशी झाली, हद्द वाढली. आज तिथे सुमारे साडेपाच हजार हेक्टर मळे आहेत. कोण बरोबर, हे मी ठरवणार नाही. पण ते भांडले, उघड भांडले, कायद्याच्या चौकटीत भांडले, आणि भांडणाचा विषय होता: आपल्या नावावर आपला हक्क कुठवर? एखाद्या गावाने भांडावे तर अशा गोष्टीवरून भांडावे.

आणि इथे मला माझ्या मामांची गोष्ट सांगावी लागते.

मामांची देवगड तालुक्यात शंभरेक कलमे होती. पेटीवर काळ्या रंगात त्यांचे आणि गावाचे नाव उमटवलेले असे. दादरचे एक घर वीस वर्षे त्यांच्याकडूनच आंबा घेई. एका वर्षी मोहोर जळाला. फळ निम्म्यावर आले, कर्ज डोक्यावर. एक व्यापारी आला आणि म्हणाला, "घाटापलीकडून माल आणतो, पेटी तुमची. कुणाला कळते?" मामांनी ऐकले. वरच्या थरात आपले आंबे, खाली परके. पुढच्या वर्षी वरच्या थराचीही गरज उरली नाही. तिसऱ्या वर्षी व्यापारी आंबा विचारायलाच आला नाही. रिकाम्या पेट्यांचे पैसे देऊन गेला.

त्या उन्हाळ्यात दादरहून फोन आला. पलीकडे त्या घरातल्या आजी होत्या. भांडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "यंदा पेटी पोचली हो. आंबा नाही पोचला."

मी तेव्हा सुट्टीला आजोळीच होतो. मामा फोन ठेवून पडवीत येऊन बसले. मी म्हटले, "मामा, तुम्ही त्यांना पैसे परत पाठवा." ते म्हणाले, "अरे, पैसे पाठवीन. नाव कसे परत आणू?" त्यानंतर त्यांनी पेटीवर नाव घालणे सोडले. आज ते नाहीत. कलमे आहेत, फळही धरते. पण त्या नावाने मागणारे कुणी नाही.

घाटापलीकडच्या त्या आंब्यावर माझा राग नाही. तोही कुणा शेतकऱ्याच्या घामाचा आहे आणि त्याच्या जागी गोडच असेल. त्याला मामांच्या पेटीत कोंबून त्याचेही नाव मारले गेले. तो चांगला निघाला तरी श्रेय देवगडला, वाईट निघाला तर बट्टा देवगडला. त्याच्या वाट्याला काय?

आता आपल्याकडेही कायदा आहे. भौगोलिक निर्देशांकाचा कायदा १९९९ मध्ये झाला, २००३ मध्ये अमलात आला. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला ते संरक्षण मिळाले. नाशिक खोऱ्याच्या वाइनलाही मिळाले आहे. ती वाइन आपल्या खोऱ्याचे नाव लावते, कुणा फ्रेंच गावाचे लावीत नाही, याचा नाशिकचा जावई म्हणून मला अभिमान आहे.

परंतु जगाच्या बाजारात एक मोठी मेख मारून ठेवलेली आहे, ती किती घरांत माहीत आहे? जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदेचा करार १९९५ पासून लागू आहे. त्याच्या २३ व्या कलमाने वाइन आणि स्पिरिट यांच्या नावांना कडक संरक्षण दिले: 'शाब्लीच्या धर्तीची', 'शाब्लीसारखी' असेही लिहिता येत नाही, मग खरे मूळस्थान शेजारी छापलेले का असेना. बाकीच्या साऱ्या वस्तूंना, म्हणजे आपला आंबा, चहा, पैठणी, चप्पल यांना, फक्त २२ वे कलम. त्यात गिऱ्हाईक फसले हे सिद्ध करावे लागते. दारूला भक्कम कुलूप आणि आंब्याला नुसती कडी! हे कुलूप सर्वांना लावा, अशी मागणी भारताने इतर देशांबरोबर केली. २००१ च्या दोहा परिषदेपासून तो विषय पटलावर आहे आणि अजून निकाल नाही. आणि कुलूपसुद्धा सर्वांना सारखे नाही. जुनी वहिवाट म्हणून करारातच पळवाट ठेवली आहे. २००६ मध्ये युरोप आणि अमेरिका यांच्यात वाइनबद्दल तह झाला, तेव्हा नव्या लेबलांना बंदी आली पण जुन्या 'शाब्ली'ला सूट मिळाली. ऑस्ट्रेलियाने मात्र करार करून ही नावे सोडून दिली. सोडता येतात, असा त्याचा अर्थ.

मला शाब्लीचा मत्सर नाही. तिला जे मिळाले ते योग्यच मिळाले. तेवढेच मला मामांच्या पेटीसाठी हवे आहे. २०२५ च्या जूनमध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मंचावर आणल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. आपल्याकडे गदारोळ झाला, मग प्रेरणा भारतीय चपलांची असल्याचे त्यांनी मान्य केले. शाब्लीचे नाव नेले आणि वस्तू ठेवली. कोल्हापूरची वस्तू नेली आणि नाव ठेवले. चोराला दोन हात असतात, हे दोन्ही वेळा दिसले.

परंतु गदारोळ करणाऱ्या आपण मंडळींनी दिवाळीच्या दिवशी आपल्याच घरात डोकावून पाहावे. स्वस्तात मिळतो म्हणून 'देवगड' छापलेला आंबा आपण डोळे मिटून घेतो. यंत्रावरच्या साडीला पैठणी म्हणून आहेर करतो. फेसाळणारे काहीही आले की त्याला शॅम्पेन म्हणतो. माझा विद्यार्थी चुकला, पण तो एकटा चुकला नाही. ज्याची जीभ ओळखते त्याला फसवता येत नाही. दादरच्या त्या आजींजवळ ना कायदा होता, ना प्रमाणपत्र. त्यांच्याजवळ वीस वर्षांची ओळख होती. कायदा चोराला शिक्षा करील. चोरी उघडकीला आणावयाची ती खाणाऱ्याने.

माझ्या विद्यार्थ्याने मध्यंतरी एक छायाचित्र पाठवले. २०२१ च्या एप्रिलातली शाब्लीतली रात्र. त्या वर्षी हिमाने फ्रान्सभर मळे जाळले. कोंब वाचवण्यासाठी कुणी वेलींवर रात्रभर पाण्याचे तुषार उडवतात. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकते आणि कोंब बर्फाच्या कवचात जगतो. कुणी वेलींच्या रांगांमधून मेणाचे डबे पेटवून ठेवतात. त्या छायाचित्रात काळ्याभोर टेकड्यांवर हजारो दिवे ओळीने तेवत होते. ही ते पाहून म्हणाली, "अगदी आपली दिवाळी!" आणि खाली विद्यार्थ्याने लिहिले होते, "सर, आता ते खोके घेत नाही."

रात्रभर गारठ्यात जागून, एकेका कोंबाखाली दिवा लावून जे नाव माणसे जगवतात, ते नाव दुसऱ्या कुणी तोटी फिरवून ग्लासात ओतू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. यंदाच्या उन्हाळ्यात आंब्याची पेटी घ्याल तेव्हा नाव वाचा, आंबा हुंगा, आणि नाव एक, वास दुसरा असे आढळले तर दुकानदाराला मोठ्याने सांगा. चार लोक ऐकतील असे सांगा.